बोलेरोमागं छोटा कॅम्पिंग ट्रेलर झेपेल का?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. माझी १.५ डिझेल बोलेरो आहे, ७५ एचपीची. घरची चौघं मिळून मालवण-तारकर्ली करायचं म्हणून झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर बघतोय. बनवणारा म्हणतो रिकामं वजन ६५० किलो, बोलेरो आरामात ओढते. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचाय. घ्यावा का?

उद्यमनगर_फिटर:
भावा, ओढंल की. ओढायचं टेन्शनच न्हाई, घाटात थांबवायचं हाय. ६५० हे रिकामं, त्यात ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो तिथंच वाढलं, वर गाद्या, बॅटरी, शेगडी, कपडे, म्हंजे ८५० धरूनच चाल. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे हायत आणि आपल्याकडं तर उतार बघ कसले. तू ब्रेक मारलास की ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानंच गाडीला जोडायच्या दांडीतला दट्ट्या दाबून चाकांचे ब्रेक लागतात, असला एक्सल मागून घे. तरी उतरताना दुसऱ्या गिअरातच ऱ्हायचं, कारण सारखा रेटा बसला की तेबी ब्रेक तापतात.

राजारामपुरीकर:
मेव्हण्याची अर्टिगा जास्त पॉवरची आहे, ती लावली तर?

शाहूपुरीची_ताई:
नको दादा. अर्टिगा पुढच्या चाकांवर चालते, दांडीचा भार मागं पडला की पुढची चाकं हलकी होतात आणि पावसात चढाला जागेवर फिरतात. बोलेरो मागच्या चाकांवर चालते, बॉडीखाली चेसीचा स्वतंत्र सांगाडा पण आहे, तीच बरी. दांडीवर भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे ८५० ला साधारण ८५ ते १२७ किलो, आणि तो गाडीच्या भारात मोजायचा, एक जादा माणूस डिकीत बसल्यासारखा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. सपाट जागेवर, सगळं सामान भरून, दांडी ठोकळ्यावर टेकवून गुळाच्या अडतीतल्या काट्यावर वजन घ्या, पाच मिनिटांत कळतं. मॅन्युअलमधी ओढायची मर्यादा पण बघा, कंपनी नाही म्हणत असेल तर विम्याला अडचण येऊ शकते. ट्रेलरचं आरटीओ पासिंग वेगळं.

राजारामपुरीकर:
आत्ताच फोन केला, ब्रेकवाला एक्सल तो देतच नाही म्हणतोय. मग हा कॅन्सल. भरून ४०० किलोच्या आत बसणारा तंबूवाला ट्रेलर शिरोलीकडं कोण बनवून देतं का?