ऑनलाइन थँक्सगिव्हिंगची अंगतपंगत, आणि नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

गंगापूररोडकरीण | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, एक चमत्कारिक पेच पडलाय. हसा, पण हसून झालं की उत्तर द्या.

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी. एक न्यू जर्सीत, एक सॅन होजेला, एक कोथरूडला (म्हणजे तीही परदेशातच) आणि मी नाशकात, होते तिथेच. जर्सीवालीचा मुलगा यंदा दुसऱ्या राज्यात शिकायला गेलाय, थँक्सगिव्हिंगला (तिकडचा टर्की भाजून खायचा सण) यायचा नाही. घर रिकामं. तर बाईंनी फर्मान काढलंय की या वेळी आपण चौघींनी व्हिडिओ कॉलवर पॉटलक करायचं. प्रत्येकीने एकेक पदार्थ 'आणायचा'. वर अट अशी की धमाल यायला हवी, नुसतं 'छान दिसतंय गं' चालणार नाही.

ही अट उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाचा असाच घाट घातला होता. चौघींनी ताटं कॅमेऱ्यासमोर धरली, माझी चकली पडद्यावर सायकलच्या ट्यूबसारखी दिसली, सगळ्या एकदम बोलल्या, मग सगळ्या एकदम गप्प झाल्या. बारा मिनिटांत 'चला, कुकर लावायचाय'. कोथरूडवालीचे अनारसे विकतचे होते हे सहा महिन्यांनी कळलं, तो हिशेब अजून बाकी आहे.

आता पेच. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, म्हणजे यंदा २७ तारखेला. आणि २७ तारीख हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आमच्याकडे सासूबाई घट मांडतात, दिवसभर उपास, संध्याकाळी पोथी, आरती, नैवेद्य आणि मग जेवण. कॉल माझा मुलगा हॉलमधल्या टीव्हीवर लावून देतो. घट त्याच हॉलमध्ये.

मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवावं म्हटलं.

"टर्की म्हणजे काय गं?"
"मोठी कोंबडी समजा."
"म्हणजे माझा घट मांडलेला आणि समोर टीव्हीवर अख्खी कोंबडी?"
"आई, ती अमेरिकेत आहे."
"देवीला दिसतंय ना इथून."

यावर काही बोलता येईना. तर विचारायचं असं: वेळ कोणती धरू? गुरुवारचं, बिनकांद्याचं असं काय करू की ते त्यांच्या सणाला शोभेल? आणि बारा मिनिटांत कॉल आटपू नये म्हणून काय खेळता येईल?

निफाडचा_गारठा | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

ताई, आधी वेळेचं निस्तरा, बाकीचं आपोआप निस्तरेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, आता साडेदहा. सॅन होजे साडेतेरा. त्यांच्या जेवणाच्या वेळेला बसायचं म्हणाल तर दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे दीड. विसरा. तुमचे रात्रीचे साडेआठ धरा: जर्सीला सकाळचे दहा, सॅन होजेला सात. तोवर तुमची आरती, नैवेद्य उरकलेला असेल. सॅन होजेवालीला जरा लवकर उठावं लागेल, उठू दे. आम्ही द्राक्षवाले रोज चारला उठतो.

आमच्याकडे याला पॉटलक म्हणत नाहीत. दुपारी बांधावर सगळ्यांनी भाकरी सोडायची आणि स्वतःची सोडून शेजाऱ्याच्या फडक्यातलं खायचं. अर्धी चव त्या हिसकाहिसकीची असते. ती कॉलवर कशी आणणार, तेवढं तुमचं तुम्ही बघा.

नावात_काय_आहे | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

दिवाळीच्या पणत्या अजून गच्चीवर आहेत आणि आता अमेरिकेचे सण. आपले कमी पडले का? परवापरवापर्यंत कार्तिक होता, आवळीभोजन केलंत का कुणी?

गंगापूररोडकरीण | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

केलं. सोसायटीत आवळा नाही म्हणून माहेरी मखमलाबादला जाऊन केलं, सात डबे होते. आणि कार्तिक २० तारखेपर्यंत आहे, तुम्हालाही वेळ आहे.

जर्सीची_मावशी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी पंचवटीची, गेली बावीस वर्षं एडिसनला. सकाळी दहाची वेळ उत्तम आहे, कारण त्या वेळी इथल्या घराघरात नेमकी गडबड असते. टीव्हीवर न्यूयॉर्कच्या मेसीज नावाच्या मोठ्या दुकानाची परेड लागलेली असते (१९२४ साली सुरू झाली, फुग्यांचे हत्ती-घोडे बघायला मजा येते) आणि टर्की ओव्हनमध्ये जायची वेळ असते. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा प्रश्न सुटला! मैत्रिणीला सांगा, कॉल लागायच्या आत पक्षी ओव्हनमध्ये घाल आणि दार लाव. बारा पौंडांच्या टर्कीला ३२५ फॅरनहाइटवर तीन तास तरी लागतात. तुम्हाला दिसेल तो फक्त ओव्हनचा पिवळा दिवा.

तिची ही पहिली वेळ असेल तर अजून एक. गोठवलेला पक्षी फ्रीजमध्ये सुटा व्हायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. सोमवारी खाली काढला नाही तर गुरुवारी पोटात बर्फ. माझा पहिल्या वर्षी तसाच निघाला, शेवटी पाहुण्यांना वरणभात घातला.

'नावात काय आहे' यांना: तुमचं अगदीच चूक नाही. १६२१ साली प्लायमथला इंग्रज वसाहतवाल्यांनी सुगीनंतर तीन दिवस जेवणावळ केली, तिथल्या वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं आणली. तेही एका परीने पॉटलकच. पुढे वसाहतींपायी त्या लोकांच्या जमिनी गेल्या, माणसं गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७० पासून तिथले मूळ अमेरिकन लोक याच दिवशी प्लायमथला जमून शोक पाळतात. मी इथे राहते, दोन्ही ऐकते. सण म्हणून तो लिंकनच्या १८६३ च्या जाहीरनाम्यापासून दरवर्षी होतो, आणि 'चौथा गुरुवार' कायद्याने ठरला १९४१ मध्ये. मार्गशीर्षाशी गाठ पडणं हा निव्वळ योगायोग. गेल्या वर्षी मार्गशीर्ष डिसेंबरात लागला होता, म्हणून तुम्ही वाचलात.

आणि ज्या पंपकिन पायचं एवढं कौतुक, तो त्या पहिल्या जेवणात नव्हताच. त्यांच्याकडे ना ओव्हन होता ना लोणी. तेव्हा तुम्ही भोपळ्याचं काय वाटेल ते करा, कुणी नावं ठेवणार नाही.

शब्दांचा_किडा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५५

झोप येत नव्हती म्हणून लिहितो. टर्की हा पक्षी अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्कस्तानात त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे त्यांच्या मते तो आपला. फ्रेंचांचा 'दँद' म्हणजेही 'हिंदुस्तानातला'. आणि पोर्तुगीज लोक त्याला म्हणतात 'पेरू'.

आता मला सांगा, मार्गशीर्षातल्या गुरुवारी पेरू चालतो की नाही?

गंगापूररोडकरीण | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

किडेदादा, चहा नाकातून आला. ताटाच्या मधोमध पेरू बसणार, ठरलं. भरून!

पण खेळाचं कुणी बोललंच नाही.

वाड्यातली_आजी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

नातीकडून लिहून घेत आहे, चुकलं तर तिला बोला.

अगं, भोंडला विसरलीस का? खिरापत कशी ओळखायचो आपण? डबा उघडायचा नाही, कानाशी धरून वाजवायचा. भेळ वेगळी वाजते, शंकरपाळे वेगळे वाजतात, शिरा वाजतच नाही, पण डबा जड लागतो. आमच्या वाड्यात एक जण होती, ती मुद्दाम डब्यात एक खडा टाकायची, म्हणजे सगळ्यांची दिशाभूल. तुमच्या कॉलवर वास येत नाही, चव येत नाही. आवाज तर येतो? मग डबा बंद ठेवा आणि वाजवा. प्रत्येकीला तीन प्रश्न. गोड की तिखट, तळलेलं की वाफवलेलं, असं. हरेल तिने राज्य घ्यायचं. डबा मात्र स्टीलचाच हवा, प्लास्टिकचा मुका असतो.

करायला घारगे कर, नैवेद्याला चालतात. बुधवारच्या बाजारातून, गंगेवरून म्हणजे गोदाकाठावरून, लाल भोपळ्याची फोड आण, आतून केशरी आणि जड बघून. कीस वाफवायचा नाही, तुपावर परतायचा. वाटीभर किसाला पाऊण वाटी गूळ. गूळ विरघळला की ते सैल दिसतं, घाबरून आटवत बसू नकोस, गॅस बंद कर. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, मूठभर तांदळाची पिठी, मीठ, वेलदोडा. पाण्याचा थेंब नको. थापताना वरून खसखस दाब आणि मंद आचेवर तळ. फास्ट गॅस केलास तर बाहेरून काळे आणि आत कच्चे, गुळाचा पदार्थ आहे तो.

निफाडचा_गारठा | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

आजी, खडा टाकणारी तुम्हीच असणार.

वाड्यातली_आजी | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:००

नात म्हणते उत्तर देऊ नकोस.

गंगापूररोडकरीण | २८ नोव्हेंबर, दुपारी १:२५

झालं. सविस्तर लिहिते, तुमचा सगळ्यांचा वाटा आहे त्यात.

बुधवारी गंगेवर गेले. चंपाषष्ठी होती, चातुर्मासात वांगं सोडलेले सगळे भरताची वांगी घ्यायला लोटलेले, त्या गर्दीत भोपळा मागणारी मी एकटी. चांगली फोड मिळाली. घारगे पहिल्या घाण्याला फुगले नाहीत, दुसऱ्याला सासूबाईंनी झारा हातातून घेतला, मग फुगले.

साडेआठला कॉल लागला. सासूबाई घटाच्या बाजूला खुर्ची टाकून पहारा द्यायला बसल्या. जर्सीवालीने ओव्हनचं दार दाखवलं: पिवळा दिवा, काचेवर वाफ, बाकी काही नाही. "झाकलेलं आहे ना? मग असू दे," असा निकाल मिळाला. वर "किती वेळ लागतो?" "तीन तास, काकू." "कोंबडीला?" यानंतर त्या पूर्ण वेळ हलल्या नाहीत.

माझं ताट बघून मधल्या पेरूबद्दल तिघींनी विचारलं. मी शांतपणे "ही आमची टर्की, पोर्तुगीज" असं सांगितलं. आत नारळ, कोथिंबीर, मिरची, लिंबू. बियांचा गर काढताना एक भिंत फुटली होती, ती बाजू मी कॅमेऱ्यापासून फिरवून ठेवली.

मग डबे. माझा घारग्यांचा डबा मऊ वाजला, थप, थप. कोथरूडवालीने "इडल्या" सांगितलं. सॅन होजेवाली रजई पांघरूनच बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. तिने डबा हलवला आणि आतून डचमळल्याचा आवाज आला. आम्ही "सूप!" म्हणेपर्यंत झाकण सुटलं आणि भोपळ्याचं सूप रजईवर. पुढची पाच मिनिटं पडद्यावर फक्त छत आणि तिच्या नवऱ्याचा आवाज. लॅपटॉप वाचला.

कोथरूडवालीचा डबा कुरकुर वाजला. मी पहिलाच प्रश्न टाकला: "घरचं की विकतचं?" आजींच्या नियमात हा प्रश्न बसतो का माहीत नाही, पण ती जी गप्प झाली! बाकरवडी. दोन वर्षांचा हिशेब चुकता.

शेवटी जर्सीवाली. तिच्या हातात तिच्या आईने लग्नात दिलेला स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं. टण टण टण, उड्या मारल्यासारखं. "शेंगदाणे." नाही. "मकाणे." नाही. "खडा टाकलायस." नाही. तिन्ही प्रश्न संपले. गोड नाही, तिखट नाही, शिजवलेलं नाही. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "सुपाऱ्या." उघडलं तर कच्च्या क्रॅनबेरी, लालभडक, बोराएवढ्या. तिने एक ओट्यावर टाकली, ती खरंच उसळली. मग सुरीने आडवी कापून कॅमेऱ्याला चिकटवली. आत चार छोटे पोकळ कप्पे, हवेचे, म्हणून ती उड्या मारते. चांगली उसळते, नासकी उसळत नाही, निवडायची पूर्वीची रीतच ती. एक तिने चावली आणि तोंड असं केलं की सासूबाई म्हणाल्या, "आवळ्याची बहीण दिसते. गूळ घाल, मोरावळा होईल." तिकडे तसंच करतात, फक्त साखरेत.

कॉल एक तास दहा मिनिटं चालला. निफाडदादा, हिसकाहिसकी नाही जमली. पण शेवटी जर्सीवाली नुसतीच बघत होती आम्ही जेवताना, तेव्हा सासूबाईंनी एक घारगा उचलून टीव्हीसमोर धरला आणि "घे" म्हणाल्या. तिने तिकडून हात पुढे केला. मग दोघी हसल्या आणि घारगा माझ्या मुलाने खाल्ला.

आज सकाळी तिचा मेसेज: टर्की मस्त झाली, एकटीला आठवडाभर पुरेल, तुझी उरली का?

पेरू रात्रीच संपला होता. तोही मुलानेच, मीठ-तिखट लावून, फुटक्या बाजूने सुरुवात करून.