मदत हवी आहे: थंडीत बाळाचा पहिला वाढदिवस कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या लेकीचा पहिला वाढदिवस ऐन थंडीत येतोय. थोरल्याला घरभर फुगे हवे आहेत, पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो, म्हणून कागदी पताकांवर त्याला कसंबसं राजी केलंय.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. दारं-खिडक्या लावून माणसं जमली की सर्दी-खोकला पटकन पसरतो. म्हणून भर दुपारी, उन्हात, बाहेरच थोडक्यात आटोपावं असं मनात आहे. पण बाळाची झोप नेमकी त्याच वेळी! झोप मोडली की संध्याकाळभर रडते. आधीपासून रोज थोडी थोडी वेळ सरकवून कुणाला जमलंय का?

कपड्यांचंही सांगा. तिचे हात गार लागले की सासूबाई लगेच आणखी एक स्वेटर चढवतात. मी मानेला मागून हात लावून बघते, तर तिथे घाम. तान्ह्यांचे हातपाय तसेही गारच लागतात, हे त्यांना प्रेमाने कसं पटवू? आणि पुढून बटणांचे कपडे बरे पडतात का? डोक्यावरून काही घालायला गेलं की ती अंग ताठ करते.

शेवटचं, आणि सगळ्यात अवघड: खोकला असलेल्या जवळच्या नातेवाइकांना ‘बरं वाटल्यावर या’ हे न दुखावता कसं सांगायचं? निमंत्रणातच लिहावं की एकेकाला फोन करावा?