पुणे–नागपूर विमान: तिकिटावरचा दीड तास आणि घड्याळातले सहा

कोथरूडकर: गेल्या रविवारी लग्नाला कामठीला गेलो. सव्वासातला घराला कुलूप लावलं आणि एक दहाला मेहुण्याच्या दारात चपला काढल्या. पाच मिनिटं कमी सहा तास! त्यात विमान दीड तासाचं. बाकी सगळं कॅब, रांगा आणि बॅगेची वाट बघणं. पुणे–नागपूर हवाई अंतर जेमतेम 600 किलोमीटर. एवढ्यासाठी विमानाचे पैसे मोजणं मला पटत नाही. वंदे भारत 12 तास घेते, पण बसलं की बसलं.

धावपट्टी: दीड तासही पूर्ण उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात, ते तिकडे जागेवर उभं राहीपर्यंत. पुण्याचं लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टी दोघांची मिळून. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर थांबावं लागतं. शिवाय वर चढताना आणि उतरताना वेग कमी. ताशी 800 ने भागाकार केला तर पाऊण तास येतो, पण तो कागदावरचा.

वर्ध्याची लेक: कोथरूडकर, लग्नाचं ठीक आहे हो. मागच्या वर्षी सकाळी आठला भावाचा फोन आला, आईला अर्धांगाचा झटका, नागपूरला नेलंय. वंदे भारत सकाळीच सुटून गेलेली. दुपारचं विमान मिळालं, संध्याकाळी सहाला मी तिच्या पलंगाशी होते. तिने डाव्या हाताने माझं बोट धरलं, उजवा हलत नव्हता. रात्रीच्या गाडीने गेले असते तर दुसरा दिवस उजाडला असता. तुमचे सहा तास मला कमीच वाटतात.

अकोलेकर: तुम्ही दोघंही नागपूरपुरतं बोलताय. आमच्या शिवणीच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमानच नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला सेवा सुरू झाली, ती मुंबईची. पुण्याहून नागपूरला उडायचं आणि तिथून अडीचशे किलोमीटर मागे यायचं, याला काय अर्थ? वंदे भारत निदान शेगाव, अकोला, बडनेऱ्याला थांबते. आम्हाला तीच जवळची.

कोथरूडकर: ताई, तुमचं वाचून गप्प झालो. अडीनडीला विमानच, मान्य. पण ठरलेल्या प्रवासाचं माझं मत तेच आहे. तिकिटावर दीड तास बघून लोक सकाळच्या विमानाने जाऊन दुपारचा मुहूर्त गाठायला बघतात. आमचेच दोन पाहुणे अक्षता पडल्यावर पोचले.

वर्ध्याची लेक: मग आदल्या दिवशी निघावं की! विमानाला कशाला दोष?