मदत हवी आहे: स्नायूतल्या गाठी हाताने दाबून मोकळ्या करणारं फोंड्याजवळ कोणी आहे का?

मार्दोळची_जाई
ट्रिगर पॉइंट पद्धतीने, म्हणजे स्नायूतली दुखरी गाठ शोधून ती दाबून सोडवणारं फोंडा, मार्दोळ, बाणस्तारी या बाजूला कोणी खात्रीचं माहीत आहे का? पणजीपर्यंत येऊ शकते, त्यापुढे जमणार नाही. कोपरापासून अंगठ्यापर्यंत हात ठणकतो. हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. गोळ्या, मलम, मनगटाला पट्टा, सगळं झालं. गोळी थांबली की दुखणं परत हजर. पुण्याच्या बहिणीला या पद्धतीने गुण आला, म्हणून विचारते आहे. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली, ऑर्डरी घेऊन ठेवल्या आहेत, त्याआधी हात सुटायलाच हवा. तेल आणि शेक कृपया सांगू नका. लवकर कळवा.

मांडवीकाठ
कुठला हात? वय काय? दिवसभर त्या हाताने काय काम करता? बोटं बधिर होतात का, मुंग्या येतात का? साखर, थायरॉईड? एवढं कळल्याशिवाय कोणी नाव सुचवू नये असं माझं मत आहे.

वैद्यघरची
तेल नको म्हणालात, पण कुठलं तेल लावलंत ते सांगितलं नाहीत. बाजारातल्या वेदनाशामक तेलात आणि नीट सिद्ध केलेल्या नारायण तेलात फार फरक आहे. रात्री कोमट करून दंडापासून खाली जिरवा, वर निर्गुंडीच्या पाल्याचा शेक घ्या. आमच्या घरी पावसाळ्यात प्रत्येकाचं असलं दुखणं यानेच बसतं.

मार्दोळची_जाई
उजवाच हो, कामाचा हात. तेल करून झालंय. मला फक्त नाव हवं आहे.

खाजन
नाव शेवटी सांगतो, आधी हे वाचा, कारण त्या माणसाकडे गेलात तरी निम्मं काम तुम्हालाच घरी करायचं आहे.

मी पर्वरीला संगणकावर काम करतो. माउस धरणारा हात असाच धरला होता. मनगटावर मलम चोळत होतो आणि मूळ निघालं खांद्याच्या पात्यावर. या पद्धतीचं सार हेच: दुखतं एकीकडे, गाठ असते दुसरीकडे. पात्याच्या मागच्या अंगाला इन्फ्रास्पिनेटस नावाचा स्नायू असतो. त्यातली गाठ खांद्याच्या पुढून दंडात आणि तिथून खाली अंगठ्याच्या बाजूपर्यंत कळ पाठवू शकते. मानेच्या बाजूचे स्केलीन स्नायू आवळले तरी अंगठा आणि तर्जनी दुखतात. आणि कोपराच्या थोडं खाली, मनगट वर उचलणारे जे स्नायू आहेत, तिथल्या गाठी मनगटाच्या पाठीवर आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखवतात.

टेनिसचा चेंडू लांब मोज्यात घाला आणि मोजा खांद्यावरून मागे सोडा, म्हणजे चेंडू निसटत नाही. भिंतीला पाठ टेका, चेंडू पात्यावर येऊ द्या, गुडघे किंचित वाकवून अंग सावकाश वरखाली करा. एक जागा अशी सापडते की तोंडातून ‘आई गं’ निघतं, कधी कळ थेट हातात उतरते. तीच जागा. तिथे अर्धा ते एक मिनिट बेताचा दाब. दहापैकी पाच-सहा इतकंच दुखलं पाहिजे. दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं करा, एकदाच रगडू नका. कोपराखालच्या गाठींसाठी हात टेबलावर ठेवून चेंडू वरून फिरवा. डाव्या अंगठ्याने दाबू नका, नाहीतर तोही दुखायला लागेल. मानेच्या पुढच्या बाजूला स्वतः हात घालू नका. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि हाताकडे जाणाऱ्या नसा आहेत.

पुरावा_आधी
मी फिजिओथेरपी शिकलो आहे म्हणून लिहितो. खाजन यांनी सांगितलेलं चेंडूचं तंत्र निरुपद्रवी आहे, अनेकांना बरंही वाटतं. पण ‘मूळ पात्यावर’ हे इतक्या खात्रीने सांगता येत नाही. एकाच रुग्णाला दोन अनुभवी तपासणाऱ्यांनी हात लावला तर गाठ नेमकी कुठे यावर पुष्कळदा त्यांचं एकमत होत नाही. गाठ म्हणजे नेमकं काय, यावरही संशोधकांत वाद आहे. दाबल्यावर येणारा आराम खरा असतो, पण तो बहुधा थोडा वेळ टिकतो. ज्या कामाने हात दुखावला ते तसंच चालू राहिलं तर गाठ दाबत बसण्याला अंत नाही. बाई काय काम करतात हे अजून कळलेलं नाही.

खाजन
संशोधनाचं मान्य. पण जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर याच गाठींवर काम केलं, त्या १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खाजगी डॉक्टर झाल्या. राष्ट्राध्यक्षाची पाठ काही कोणी अंदाजावर सोपवत नाही.

पुरावा_आधी
ट्रॅव्हेल यांचं काम मोठंच आहे, माझाही आदर आहे. पण केनेडींच्या पाठीत त्या प्रोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देत असत. भिंतीला लावलेल्या चेंडूची खात्री त्यातून मिळत नाही.

तीनताल
मी तबला वाजवतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड भजन असतं. एका पारानंतर (भजनी मंडळाच्या पाळीनंतर) दुसरा पार सुरू होतो, हात थांबत नाही. माझं दुखणंही कोपराखालीच होतं. गाठी दाबून घेतल्या, फरक पडला. पण खरा फरक पडला तो गुरुजींनी बैठक बदलायला लावली तेव्हा. तबला उंच होता, त्यामुळे वाजवताना खांदा कानाकडे चढत होता. जाईताई, तुमचाही खांदा चढतो का बघा.

बेतुलचा_वारा
माझ्या टाचेला सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना भयंकर दुखायचं. पाण्याची बाटली गोठवून तळपायाखाली फिरवली, पोटरीला ताण दिला, आता चालतो. ज्यांना टाचदुखी आहे त्यांनी जरूर करून पाहावं.

मांडवीकाठ
वारा, इथे हाताचं चाललं आहे. जाईताई, माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

मार्दोळची_जाई
बरं, सगळं लिहिते. वय पंचेचाळीसच्या पुढे. साखर आहे, गोळी चालू आहे, हाताशी तिचा काय संबंध ते कळलं नाही. काम घरगुती फराळाचं. नारळ विळीच्या खवणीवर खवते, यंत्राने खवलेली सोय (खवलेलं खोबरं) ओलसर चिकट होते, सारणाला ती चव येत नाही. चवथीच्या आधी सारणासाठी रोज ढिगाने नारळ असतात. खाली बसून, पाय दुमडून, कवड (नारळाची अर्धी वाटी) दोन्ही हातांनी फिरवायची. नेवऱ्यांना (करंज्यांना) मुरड मीच घालते, कातणाने कापलेल्या आमच्या गिऱ्हाइकांना चालत नाहीत. मुरड घालताना अंगठा आणि पहिलं बोट, चिमटीत कड धरायची, वळवायची, दाबायची, पुढे सरकायचं. शंभर नेवऱ्या झाल्या की अंगठ्याच्या मुळाशी आग होते. मुंग्या नाहीत. खांदा चढतो का ते मुलीला बघायला सांगितलं, ती म्हणाली खवताना उजवा खांदा वर असतो आणि मान पुढे. खाजन, चेंडू लावला. पात्याच्या मधोमध एक जागा लागली की कळ दंडात गेली. नंतर हात हलका वाटला. म्हणजे तुमचंच बरोबर ना?

मांडवीकाठ
साखरेचा संबंध आहे. मधुमेहात खांदा गोठणं, अंगठ्याच्या कंडरांचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं) आवरण सुजणं, मनगटात नस दबणं, हे सगळं इतरांपेक्षा जास्त दिसतं. म्हणून दोन गोष्टी बघा. अंगठा मुठीत घ्या, बाकीची बोटं त्यावर मिटा आणि मनगट करंगळीच्या दिशेने हलकेच वाकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर सणकन कळ आली तर तो कंडरांच्या आवरणाचा दाह असू शकतो. त्या जागेवर कोणालाही दाबू देऊ नका, रगडण्याने तो वाढतो. दुसरं, मध्यरात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते का आणि हात झटकल्यावर बरं वाटतं का? तसं असेल तर नसेची तपासणी हवी.

आणि डाव्या हाताचं दुखणं, सोबत घाम, छातीत जडपणा असं कोणाचं असेल तर त्यांनी हा धागा वाचत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं.

मार्दोळची_जाई
मुठीची चाचणी केली. कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं. रात्री जाग येत नाही.

पुरावा_आधी
मग मार्ग बराचसा स्पष्ट आहे. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात दाखवा, गरज पडली तर ते बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतील. साखर आहे हे आधीच सांगा, कारण तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर त्यानंतर काही दिवस साखर वर जाऊ शकते. तुमच्याकडे पट्टा आहे तो नुसता मनगटाचा आहे ना? अंगठा स्थिर ठेवणारा वेगळा मिळतो, तो हवा. कोपराच्या वरचं आणि पात्यावरचं चेंडूचं काम चालू ठेवायला माझी हरकत नाही.

खाजन
हे मलाही पटतं. पात्याचं काम करा, अंगठ्याचं नको. ज्यांच्याकडे मी जात होतो त्यांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलं आहे, पणजीत मिरामारच्या बाजूला बसतात. जाताना इस्पितळाचा कागद घेऊन जा, ते बघितल्याशिवाय हात लावत नाहीत, म्हणून तर माझा विश्वास बसला.

तीनताल
विळी पाटावर चढवा, निदान चार बोटं तरी. कवड छातीजवळ येईल, खांदा आपोआप खाली राहील.

मार्दोळची_जाई
व्यनि मिळाला, देव बरें करूं. सोमवारी इस्पितळात जाते. विळी मुलाने पाटावर ठेवून दिली, खवायला वेगळंच वाटतं पण मान दुखली नाही. मुरड जाऊबाई घालणार आहेत, सारण आणि तळणं माझ्याकडे. थोड्या ऑर्डरी परत केल्या. डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहीन.

वैद्यघरची
जरूर लिहा. आणि परत केलेल्या ऑर्डरींतून काही जमणार असेल तर दोन डझन नेवऱ्या मला हव्या होत्या, चण्याच्या पुरणाच्या. मुरड कशीही चालेल. मी मार्दोळला देवळात येते तेव्हा घेऊन जाईन.