मदत हवी आहे : अंदमानच्या मशरूम कोरलची आजची शास्त्रीय नावे

नमस्कार. अंदमानच्या उथळ पाण्यात वाळूवर सुटी पडलेली, उपड्या अळंबीच्या शिरांसारखे पडदे असलेली प्रवाळे मी टिपली असून त्यांच्या ओळखीसाठी जाणकारांची मदत हवी आहे. येथे मशरूम कोरल म्हणजे फंजिडी कुळातील कठीण प्रवाळे. मत्स्यालयवाले याच नावाने विकतात ती डिस्कोसोमा सांगाड्याविनाची, वेगळ्याच गणातील असतात, त्यामुळे कृपया गल्लत नको.

माझी खरी अडचण नावांची आहे. जुन्या याद्यांत बहुतेक सर्व गोल चकत्या ‘फंजिया’ या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे अनेक जातींच्या गटात) नोंदलेल्या दिसतात. परंतु गिटेनबर्गर, रेइनेन आणि हुक्सेमा या संशोधकांनी 2011 मध्ये डीएनएच्या आधारे केलेल्या मांडणीत फंजियात केवळ फंजिया फंजाइटिस ही एकच जाती उरली, तर इतर जातींपैकी रेपांडा व कॉन्सिना लिथोफायलॉन या प्रजातीत, स्क्युटारिया लोबॅक्टिसमध्ये आणि हॉरिडा डानाफंजियामध्ये गेली. (लिनिअसने 1758 मध्ये फंजाइटिसलाच मॅड्रेपोरा या प्रजातीत टाकले होते, म्हणजे नावांची ही फरपट जुनीच आहे!)

फंजाइटिस आणि रेपांडा वेगळ्या करताना खालच्या बाजूचे काटे आणि छिद्रे पाहतात. मात्र जिवंत प्रवाळ उलटून पाहणे मला पटत नाही, शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कठीण प्रवाळे संरक्षित आहेत. तेव्हा केवळ वरून घेतलेल्या छायाचित्रांत, पडद्यांच्या दातांचा आकार पाहून या दोन जाती खात्रीने ओळखता येतात का? की नोंद कुळापाशीच थांबवावी?