शब्दचर्चा : नेतृत्वाच्या तऱ्हा मुलांना कुठल्या शब्दांत सांगाव्यात?

१४-१५ वर्षांच्या मुलामुलींना नेतृत्वाच्या पद्धती शिकवते आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांच्या १९३९च्या प्रयोगातल्या तीन तऱ्हांना 'हुकूमशाही', 'लोकशाही' आणि 'अहस्तक्षेपी' (म्हणजे मध्ये न पडणारी) म्हटलं. पहिले दोन शब्द कानावर पडताच कोण वाईट नि कोण चांगलं याचा निकाल लागला. तिसरा कोणाला उच्चारताच येईना. पर्याय सुचवा.

▪ नामं सोडा, सर्वनामं घ्या. 'मी ठरवलंय', 'आपण ठरवू', 'तुमचं तुम्ही ठरवा'. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत हे आपलं भाग्यच. 'आम्ही ठरवलंय' म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि आत कंपू! माझ्या गटात भित्तिपत्रक करताना एक मुलगी म्हणाली, "आपण निळा कागद घेऊया ना?" बाकीच्यांनी री ओढली. पाहतो तर निळा कागद तिने आधीच कापून ठेवलेला. तोंडी 'आपण', हाताशी 'मी'. त्यावरच पाऊण तास गेला, आणि तिनेच सर्वात जास्त वाद घातला.

▪ तिसऱ्यासाठी 'वाऱ्यावर सोडणे' चालेल?

▪ नको, त्यात ठपका आहे. त्या प्रयोगातला तसा प्रमुख विचारलं तर माहिती देत होता, फक्त आपणहून मध्ये पडत नव्हता. 'मोकळं सोडणे' म्हणा. आणि 'मी ठरवलंय'लाही सरसकट झोडपू नका. आग लागल्यावर 'आपण ठरवू' म्हणणारा काय कामाचा?

▪ गटातल्या वागण्यासाठी 'अंग राखून काम करणे' घ्याच. रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने दोर ओढण्याच्या चाचण्या १९१३मध्ये प्रसिद्ध केल्या. ८ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याने ओढण्याच्या जेमतेम निम्मा भरला. मात्र त्यात एकाच क्षणी जोर न लागणं हेही कारण होतं, म्हणून 'कामचुकार' नको. तो शब्द माणसावर शिक्का मारतो, 'अंग राखणे' त्या वेळच्या वागण्याबद्दल बोलतं. काहीच न करता श्रेय घेणाऱ्यासाठी 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' आहेच.

▪ आणि नेत्याला काय म्हणायचं? 'पुढारी'ला राजकारणाचा वास येतो, 'म्होरक्या' तर बातम्यांत टोळीचाच असतो.

▪ मुलं 'लीडर' म्हणतात, म्हणू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे: 'पुढारीण' म्हटलं की टोमणा का ऐकू येतो? मुली हे विचारणारच.