मदत हवी आहे: गरोदरपणात सुरमई, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या, आणि प्रयोगशाळेच्या अहवालातला एक आकडा

नमस्कार मंडळी,

माझ्या पत्नीला चौथा महिना सुरू आहे. आम्ही ऐरोलीला राहतो आणि आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस तरी मासळी असते. गेल्या महिन्यात दवाखान्यातून एक आहारपत्रक मिळाले. पारा जास्त असलेले मासे टाळावेत, एवढेच त्यात लिहिले होते आणि खाली इंग्रजी नावांची यादी होती. त्या यादीतला 'मॅकरेल' हा शब्द वाचून आईने त्याच दिवशी बांगडा बंद केला, आणि सुरमई मात्र ताकदीची म्हणून दर रविवारी चालूच ठेवली. मी थोडे वाचन केल्यावर लक्षात आले की आमच्याकडे नेमके उलटे झाले आहे. ती यादी मुळात अमेरिकेतली असून तिच्यात 'किंग मॅकरेल' हा मासा अभिप्रेत आहे, आणि तो आपल्या सुरमईच्याच कुळातला आहे. बांगड्यालाही इंग्रजीत मॅकरेलच म्हणतात, पण तो लहान, प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) जगणारा आणि थोड्याच वर्षांच्या आयुष्याचा मासा आहे. पाण्यातल्या पाऱ्याचे गाळातले जिवाणू मिथिल पाऱ्यात, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात. तो प्लवकांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर वाढतो. त्यामुळे मासा जितका मोठा, वयस्क आणि शिकारी, तितका त्याच्यात पारा अधिक, हे मला पटले आहे. मुशी (लहान शार्क) या हिशोबाने सुरमईच्याही पुढे जाते.

माझा पहिला प्रश्न प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथिल पाऱ्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. पत्नीचे वजन ६० किलो आहे, म्हणजे आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशासाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा ही मर्यादा अनेक ठिकाणी वापरली जाते. एखादा मासा या मर्यादेच्या अगदी काठावर असेल, तर त्याचे १९२ ग्रॅम खाल्ल्यावरच आठवड्याचा वाटा संपतो, आणि आमच्याकडे तर सुरमईच्या दोन जाड तुकड्यांतच ते वजन भरते. ज्या माशात याचा दहावा हिस्सा पारा असेल, तो मात्र आठवड्याला जवळपास दोन किलो खाल्ला तरी चालेल. म्हणजे मासा कायद्यात बसतो, पण आमच्यासारख्या मत्स्याहारी घराच्या ताटात बसतोच असे नाही. हा हिशोब बरोबर आहे का, की मी काही विसरतो आहे? जपानमधल्या मिनामाटामध्ये १९५६ साली मासळीतल्या पाऱ्याने होणारा आजार उघडकीस आला, तेव्हा स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या आयांच्या पोटी बाधित मुले जन्माला आली होती, हे वाचल्यापासून मला या आकड्यांकडे निवांतपणे पाहता येत नाही.

दुसरा प्रश्न खाडीच्या मासळीचा आहे आणि तो मला अधिक अवघड वाटतो. आमच्या नेहमीच्या कोळीण मावशींकडून मी गेली सहा वर्षे तिसऱ्यांचा (खाडीतल्या शिंपल्यांचा) वाटा घेतो. या वेळी मी पहिल्यांदाच विचारले, "मावशी, तिसऱ्या कुठल्या?" त्या म्हणाल्या, "आपल्या खाडीतल्याच की! सकाळच्या ओहोटीला काढल्यात, ताज्या हायत." घरी विळीवर उघडताना काही शिंपल्यांच्या कडेला काळा, किंचित तेलकट वास येणारा गाळ दिसला. ठाणे खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा साठच्या दशकापासून उभा आहे, आणि तिसऱ्या जागच्या जागी बसून पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात आणि गाळात जे आहे ते त्यांच्यात उतरणारच. आईचे म्हणणे असे की रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून वर कोकम घातले की सगळे निघून जाते. वाळू निघते हे मीही पाहिले आहे; कॅडमियम आणि शिसे हे विषारी धातू निघतात का?

शेवटी मी त्याच वाट्यातल्या तिसऱ्या बर्फात घालून एका खासगी प्रयोगशाळेला दिल्या. अहवालात कॅडमियम किलोमागे ३.१ मिलिग्रॅम आले. शिंपल्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २ आणि युरोपात १ मिलिग्रॅम आहे, म्हणून मी घाबरलो. आकडा ओल्या वजनावर आहे की वाळवलेल्या, हे अहवालात कुठेही लिहिलेले नाही, आणि याने फरक पडतो का हेही मला नीट कळत नाही. मावशींवर यात काहीही यावे अशी माझी इच्छा नाही. खाडी त्यांनी घाण केलेली नाही, उलट पहिली झळ त्यांनाच बसली आहे. पण गप्प बसून खात राहणेही बरे वाटत नाही. चिंबोऱ्यांबद्दलही कोणाला माहिती असेल तर कृपया सांगावे, कारण श्रावण संपला की त्या घरात येणारच आहेत.

प्रतिसाद:

मी अन्नतपासणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी अहवालाबद्दल सांगतो. ओल्या आणि वाळवलेल्या वजनाचा फरक किरकोळ नाही. तिसऱ्यांच्या गरात चार पंचमांशाहून जास्त पाणी असते, त्यामुळे तोच नमुना वाळवून मोजला तर आकडा पाच पट किंवा त्याहूनही मोठा दिसतो. मर्यादा ओल्या वजनावर असतात, तर संशोधन निबंधांतले पुष्कळसे आकडे वाळवलेल्या वजनावर असतात, आणि वर्तमानपत्रांतल्या निम्म्या भयकथा या दोहोंची सरमिसळ करून तयार होतात. प्रयोगशाळेला लेखी विचारा आणि नमुन्यातील ओलाव्याचे प्रमाणही मागून घ्या.

पाऱ्याचा तुमचा हिशोब बरोबर आहे. पारा माशाच्या चरबीत नसून मांसातील प्रथिनांना घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे धुणे, कोकम, चिंच, तळणे यांपैकी कशानेही तो जात नाही. बांगडा, तारली आणि मांदेली बंद करू नका. बाळाच्या मेंदूला लागणारे ओमेगा-३ त्यांच्यातून मिळते. सुरमई आणि मुशी आता थांबवा. शरीरातला निम्मा मिथिल पारा बाहेर पडायला साधारण ५० दिवस लागतात, म्हणजे आज थांबवल्याचा उपयोग याच गरोदरपणात होईल. कॅडमियमचे तसे नाही. ते मूत्रपिंडात दहा-वीस वर्षे ठाण मांडून बसते.

मिठाच्या पाण्याने वाळू जाते, पेशींत बसलेला धातू जात नाही. चिंबोरीत कॅडमियम मुख्यतः कवचाखालच्या पिवळट-तपकिरी मऊ गरात साठते, नांग्यांतल्या पांढऱ्या मांसात फार कमी. युरोपातली मर्यादासुद्धा फक्त पांढऱ्या मांसाला लागू आहे. तेव्हा तो गर काढून टाका, खवय्ये मला शिव्या देतील तरी चालेल. माकुलाच्या पोटातली पिशवीही तशीच पूर्ण काढावी.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. तुमचा आधीचा नमुना त्या वाटेने गेलेला नाही, त्यामुळे त्यावरून मावशींना काही होणार नाही.

धागाकर्त्याकडून:

मनापासून आभार. प्रयोगशाळेचे उत्तर आज आले: आकडा वाळवलेल्या वजनावरचा होता आणि नमुन्यात ८२ टक्के ओलावा होता, म्हणजे ओल्या वजनावर किलोमागे सुमारे ०.५६ मिलिग्रॅम. मर्यादेच्या आत आहे. तरीही शिशाची तपासणी मी केलेली नाही, म्हणून बाळ होईपर्यंत खाडीच्या तिसऱ्या बंदच ठेवतो आहोत. आईने काल स्वतःहून बांगड्याचे तिखले केले आणि सुरमई माझ्या वडिलांच्या ताटात गेली. शिसे तपासून घ्यायचे तर एकाच वाट्याचा नमुना पुरेसा आहे, की वेगवेगळ्या दिवशी आणलेल्या तिसऱ्या एकत्र करून द्याव्यात, एवढे कृपया सांगावे.